‘सी’चा बाप माणूस : डेनिस रिची

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक चक्कर मारा. एका तरी रूममधून शिव्या ऐकू येतातच. त्या सरांना नसतात, आणि (नवल म्हणजे) मेसवाल्यालाही नसतात. त्या असतात ‘सी’ला. प्रोग्रॅम कंपाइल झालाय, एकही एरर नाही, आणि रन केला की सेगमेंटेशन फॉल्ट! मग कोणीतरी सीनिअरला झोपेतून उठवून आणतं. सीनिअर डोळे चोळत एक स्टार टाकतो, एक & काढतो आणि प्रोग्रॅम पळायला लागतो. का पळाला ते विचारायचं नाही. जर्नलमध्ये प्रिंटआउट लावायची आणि झोपायचं.

पण मित्रांनो, सीमध्ये हा ‘का’च सगळ्यात मजेशीर आहे. ॲरे म्हणजे पॉइंटर की नाही, इंटीजर दोन बाइटचा की चारचा, & ला कंस का घालावा लागतो, अशा ज्या बारीकसारीक गोष्टींवर आपले व्हायव्हाचे मार्क जातात, त्या प्रत्येकीमागे एका माणसाने घेतलेला एक निर्णय आहे. बहुतेक वेळा कारणही कळतं, कारण त्याने ते स्वतःच नंतर लिहून ठेवलं. तो माणूस म्हणजे डेनिस मॅकअॅलिस्टर रिची. लॉगिन नेम डीएमआर.

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल गावचा. लहानपण गेलं न्यू जर्सीत. वडील अॅलिस्टर रिची बेल लॅब्जमध्ये होते. बेल लॅब्ज म्हणजे टेलिफोन कंपनीची ती प्रसिद्ध संशोधन संस्था, जिथे १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला. टेलिफोन एक्स्चेंजमधली स्विचिंग सर्किट्स हा वडिलांचा विषय, आणि त्यावरच्या १९५१ मधल्या एका गाजलेल्या पुस्तकाचे ते सहलेखक. म्हणजे आपल्याकडे डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो, तशातला प्रकार.

हार्वर्डमधून त्यांनी १९६३ साली फिजिक्सची पदवी घेतली. कॉम्प्युटरची गोडी तिथेच लागली. पुढे पीएच.डी.साठी गणिताकडे वळून त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रोग्रॅमची रचना आणि त्याला लागणारं कॉम्प्युटेशन यांच्या नात्यावर. १९६८ साली प्रबंध तयार होता. पण युनिव्हर्सिटीचा नियम होता की बाइंडिंग केलेली एक प्रत लायब्ररीत जमा करायची. फायनल इयरवाले ब्लॅक बुकसाठी बाइंडिंगवाल्याच्या दुकानात ताटकळत बसतात ना, तेच काम. रिचींनी ते कधी केलंच नाही! सगळं लिहून झालेलं, आणि पदवी नाही. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कित्येकांना हे डॉक्टरेट आहेत असंच वाटत राहिलं. (आमच्या डिपार्टमेंटमधल्या ज्या मॅडम-सरांचं पीएच.डी. चालू आहे, त्यांनी हा परिच्छेद मनावर घेऊ नये.)

तोवर १९६७ मध्येच ते वडिलांच्या वाटेने न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये लागले होते. तिथे मल्टिक्स नावाचा एक अवाढव्य प्रोजेक्ट चालू होता. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज तिघं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवणार होते. काम लांबलं, खर्च वाढला आणि १९६९ साली बेल लॅब्जने अंग काढून घेतलं. तिथल्या मंडळींचा हातातला खेळ गेला. मग केन थॉम्प्सन यांनी कोपऱ्यात पडलेला एक पीडीपी-७ पकडला आणि त्यावर स्वतःची छोटी सिस्टिम लिहायला घेतली. तीच पुढे युनिक्स झाली. त्या मशीनची मेमरी होती १८ बिटचे आठ हजार शब्द. आज आपण मोबाइलवर पाठवतो त्या गुड मॉर्निंगच्या फोटोलाही ती पुरायची नाही.

या मशीनसाठी थॉम्प्सननी एक भाषा बनवली, ‘बी’. ती इंग्लंडच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेवरून काढलेली, फक्त आठ हजार शब्दांत बसावी म्हणून पिळून पिळून लहान केलेली. बीमध्ये टाइप नावाची भानगडच नव्हती. एक शब्द म्हणजे एक खण. त्यात आकडा ठेवा, अक्षर ठेवा नाहीतर पत्ता ठेवा. पॉइंटर हा दुसऱ्या खणाचा नंबर, बस्स. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे पॉइंटरला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते कृपया विचारू नये. मला ‘पत्ता’ शब्द आवडतो.) आपल्या लाडक्या ++ आणि -- या दोन खुणा थॉम्प्सननी याच बीमध्ये आणल्या. पीडीपी-११ च्या हार्डवेअरमध्ये सोय होती म्हणून ++ आलं असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण बी बनली तेव्हा पीडीपी-११ मशीन बाजारात आलेलंच नव्हतं!

ते आलं १९७० मध्ये, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. या मशीनमध्ये प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता, आणि शब्द दोन बाइटचा. बीला तर फक्त शब्द समजायचे. एका शब्दात दोन अक्षरं कोंबायची, मग काढायची, परत कोंबायची... शिवाय पॉइंटर वापरताना दर वेळी शब्दाच्या नंबरवरून बाइटचा पत्ता काढायचा, म्हणजे प्रोग्रॅम आणखी संथ. १९७१ मध्ये रिचींनी ठरवलं की भाषेला टाइप द्यायचे. इंटीजर वेगळा, कॅरॅक्टर वेगळा, आणि पॉइंटर कशाचा आहे तेही भाषेला ठाऊक हवं. शिवाय त्यांनी कंपायलर नव्याने लिहिला, थेट मशीनच्या सूचना बाहेर काढणारा. या मधल्या अवस्थेला ते एनबी म्हणायचे, म्हणजे न्यू बी.

आता येतो तो भाग, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. ॲरे आणि पॉइंटर!

बीमध्ये दहा खणांचा ॲरे मागितला की अकरा खण मिळायचे. दहा डेटाचे, आणि अकराव्यात पहिल्या खणाचा पत्ता. ॲरेचं नाव म्हणजे हा अकरावा खण. तिथे ॲरे आणि पॉइंटर खरोखरच एक होते. एनबीतही सुरुवातीला तसंच होतं. मग रिची स्ट्रक्चर आणायच्या मागे लागले. त्यांच्यासमोरचं उदाहरण अगदी रोजच्या कामातलं होतं, ते म्हणजे युनिक्सच्या डिरेक्टरीतली एक नोंद. त्या काळी ही नोंद म्हणजे फाइलचा एक नंबर, दोन बाइटचा, आणि पुढे नावासाठी १४ अक्षरं. बरोब्बर १६ बाइट. डिस्कवर तेवढंच पडलेलं असतं. स्ट्रक्चर असं हवं की डिस्कवरून १६ बाइट उचलले आणि त्यावर ते चपखल बसलं.

पण नावाचा १४ अक्षरांचा ॲरे जुन्या पद्धतीने ठेवला, तर त्याचा तो जास्तीचा पत्त्याचा खण कुठे जाणार? १६ बाइटमध्ये त्याला जागा नाही. लपवून दुसरीकडे कुठे ठेवला, तर डिस्कवरून नोंद वाचल्यावर त्यात खरा पत्ता कोण भरणार? आणि स्ट्रक्चरच्या आत ॲरे, त्याच्या आत पुन्हा स्ट्रक्चर असेल तर?

रिचींनी तो खणच काढून टाकला. मेमरीत फक्त डेटा राहील. ॲरेचं नाव एखाद्या एक्स्प्रेशनमध्ये आलं, की त्या क्षणी कंपायलर त्याच्या जागी पहिल्या घटकाचा पत्ता तयार करून देईल. पत्ता कुठे साठवलेला नाही, लागेल तेव्हा बनवला जातो. एवढीच युक्ती. बीमधले जुने प्रोग्रॅमही बरेचसे तसेच चालत राहिले आणि स्ट्रक्चरही मिळालं.

आता आपले नेहमीचे व्हायव्हाचे प्रश्न यातून सोडवून बघा. ॲरेला दुसरा ॲरे असाइन का करता येत नाही? कारण असाइन करायला पत्त्याचा खण शिल्लकच नाही. साईझऑफ लावल्यावर ॲरेचा पूर्ण आकार का येतो? कारण तिथे तो खरोखर ॲरेच असतो, त्याचा पत्ता होत नाही. आणि तोच ॲरे फंक्शनला पाठवून आत साईझऑफ लावला की आकार एकदम पॉइंटरएवढा का होतो? कारण पाठवतानाच त्याचा पत्ता बनला, आत पोचला तो नुसता पत्ता. पॅरामीटरमध्ये आपण चौकोनी कंस लिहितो ती जुन्या दिवसांची उरलेली खूण आहे, आणि नवशिक्यांचा गोंधळ तिच्यामुळे वाढतो हे रिचींनीही मान्य केलंय. माझ्या मते ‘ॲरे म्हणजे पॉइंटरच’ असं एका ओळीत रट्टा मारण्यापेक्षा ही १६ बाइटची गोष्ट लक्षात ठेवणं सोपं आहे.

१९७२ च्या सुमारास भाषेचं नाव ‘सी’ झालं. त्याच वर्षी थॉम्प्सननी युनिक्स सीमध्ये लिहून बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तेव्हा स्ट्रक्चर अजून आलेलं नव्हतं. स्ट्रक्चर आलं, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून पीडीपी-११ वरचा युनिक्सचा कर्नल सीमध्ये पुन्हा लिहून काढला. त्या काळी ऑपरेटिंग सिस्टिम असेंब्लीतच लिहायची असा बहुतेक ठिकाणी रिवाज होता. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ज्यांनी दोन आकड्यांची बेरीज असेंब्लीत केलीय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण सगळेच निर्णय काही चांगले ठरले नाहीत. & चंच घ्या. एखादी बिट चालू आहे का ते तपासताना & आणि == एका ओळीत लिहिले, की == आधी होतं आणि उत्तर चुकतं. म्हणून कंस घालावा लागतो. असं उलटं का? बीमध्ये && नव्हतंच. इफच्या कंडिशनमध्ये & लिहिलं तर तोच ‘आणि’ म्हणून चालायचा, आणि त्या कामासाठी तो == च्या खाली असणंच सोयीचं होतं. पुढे एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून रिचींनी && वेगळा काढला. खरं तर तेव्हाच & ला उचलून == च्या वर बसवायला हवं होतं. पण जुना कोड मोडेल म्हणून त्यांनी ते टाळलं. जुना कोड तरी किती? काहीशे किलोबाइट, आणि सीची इन्स्टॉलेशन्स असतील तीनेक! तेवढ्यांची काळजी घेतली, आणि पुढे लाखो लोक तो कंस विसरत राहिले. सी प्लस प्लस, जावा, जावास्क्रिप्ट, सगळ्यांनी ही चूक वारसाहक्काने जशीच्या तशी घेतली. २००९ मध्ये थॉम्प्सन आणि मंडळींनी ‘गो’ भाषा जाहीर केली, तिच्यात & शेवटी वर बसला.

एक चूक मात्र वेळेवर सुधारली. आज आपण += लिहितो, ते आधी =+ असं होतं. मग क्ष=-१ लिहिलं तर क्षमध्ये उणे एक ठेवायचं, की क्षमधून एक वजा करायचा? १९७६ मध्ये खुणांची अदलाबदल झाली आणि तो घोळ मिटला.

इंटीजर किती बाइटचा, या प्रश्नाचीही गंमत आहे. आमच्या आधीच्या कितीतरी बॅचेस टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर शिकल्या आणि दोन बाइट असं पाठ करून बसल्या. मग लिनक्सवर जीसीसी आलं आणि उत्तर चार! दोन्ही बरोबर. सीने हा आकार मुद्दामच ठरवून दिलेला नाही, मशीनला जो सोयीचा तो. हे मोकळेपण कामाला आलं १९७७ च्या आसपास. स्टीव्ह जॉन्सन आणि रिची यांनी युनिक्स उचलून इंटरडेटा ८/३२ नावाच्या पूर्ण वेगळ्या, ३२ बिटच्या मशीनवर नेलं. तोवर लोक पॉइंटर आणि इंटीजर बिनधास्त एकमेकांत मिसळायचे, पीडीपी-११ वर ते खपून जायचं. नव्या मशीनवर हा ढिलेपणा उघडा पडला. युनियन, टाइपडेफ, अनसाइन्ड आणि कास्ट या गोष्टी त्याच वर्षांत भाषेत आल्या, आणि असला संशयास्पद कोड पकडायला जॉन्सननी ‘लिंट’ लिहिलं.

‘आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय किती?’ हा एक्स्टर्नलचा आवडता प्रश्न, त्याचंही उत्तर इथेच सापडतं. कुठली बाजू आधी सोडवायची हे सीने कंपायलरवर सोडलं, म्हणजे प्रत्येक मशीनवर चांगला कोड काढता येईल. एकाच व्हेरिएबलला असं दोनदा बदललं तर स्टँडर्डच्या लेखी त्या ओळीला अर्थच नाही. पण व्हायव्हात असं म्हणायची हिंमत करायची की नाही, ते ज्याने त्याने समोरचा चेहरा बघून ठरवावं. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) पेपरात हा प्रश्न दोन मार्कांना आला होता आणि मॉडेल आन्सरमध्ये चक्क एक आकडा होता!

१९७८ मध्ये ब्रायन कर्निगन आणि रिची यांचं पुस्तक आलं, जगभर ‘के अँड आर’ म्हणून ओळखलं जाणारं. पानं फक्त २२८. शिकवण्याचा बराचसा भाग कर्निगन यांचा, आणि मागचं रेफरन्स मॅन्युअल रिचींचं. ते मॅन्युअल कोरडं आहे, पण त्यात एक शब्द जास्तीचा सापडत नाही. आपल्याकडे बहुतेकांची सीशी पहिली ओळख होते ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’मधून, आणि त्याचे उपकार आहेतच. पण ते वाचून झालं की लायब्ररीतून के अँड आरची १९८८ ची दुसरी आवृत्ती नक्की काढा. एकेक एक्सरसाइज सोडवताना घाम फुटतो.

सीचं अधिकृत स्टँडर्ड बनवायला अमेरिकेत १९८३ मध्ये कमिटी बसली. रिची तिच्यात नव्हते. आपली भाषा म्हणून मध्ये मध्ये लुडबुड करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण काम संपत आलं असताना कमिटीने ‘नोएलियस’ नावाचा एक नवा शब्द भाषेत घातला. दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत असं त्यामुळे कंपायलरला गृहीत धरता आलं असतं, म्हणजे कोड वेगवान. रिचींनी १९८८ मध्ये सविस्तर पत्र लिहून दाखवून दिलं की याचे नियम आतून एकमेकांशी जुळत नाहीत आणि सरळ दिसणारे प्रोग्रॅम यामुळे गुपचूप चुकतील. नोएलियस काढून टाकण्यात आला. १९८९ चं स्टँडर्ड त्याच्याशिवाय आलं. तीच गरज भागवायला ‘रिस्ट्रिक्ट’ आला तो १९९९ मध्ये, बराच विचार होऊन.

पुरस्कारांचं थोडक्यात सांगते. १९८३ चं ट्युरिंग अवॉर्ड, १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी, २०११ चं जपान प्राइझ. तिन्ही थॉम्प्सन यांच्या जोडीने. माणूस अबोल, पण खोडकर. १९८९ मध्ये रॉब पाइक आणि रिची यांनी पेन आणि टेलर या जादूगारांना हाताशी धरून आपल्याच बॉसची मस्त फिरकी घेतली होती. आणि बॉस कोण, तर नोबेल विजेते अर्नो पेन्झियस! नोकरी शाबूत राहिली. १९९० मध्ये ते विभागप्रमुख झाले, प्लॅन ९ आणि इन्फर्नो या पुढच्या सिस्टिम्समध्ये होते, २००७ मध्ये निवृत्त झाले.

मला सगळ्यात भावला तो त्यांचा १९९३ चा पेपर, सी भाषा कशी घडत गेली यावरचा. वर सांगितलेल्या बऱ्याचशा गोष्टी त्यातच आहेत. इतकी यशस्वी भाषा बनवणारा माणूस, पण कौतुक बीसीपीएलला, बीला, थॉम्प्सनना, सहकाऱ्यांना वाटून देतो, आणि कुठे काय फसलं तेही सांगून टाकतो. भाषा सोपी आहे, नक्की वाचा. आधी सीचे थोडे चटके खाल्लेले असले तर जास्तच मजा येते.

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्ज गेले. सगळी वर्तमानपत्रं, सगळे चॅनेल त्यांनी भरून गेले. त्यानंतर एका आठवड्याने, १२ ऑक्टोबरला, न्यू जर्सीतल्या बर्कले हाइट्समध्ये एकटेच राहणारे रिची आपल्या घरी मृतावस्थेत सापडले. वय ७०. तब्येत बरेच दिवस बरी नव्हती. रॉब पाइक यांनी ती बातमी इंटरनेटवर कळवली. आज इंजिनिअरिंगला असलेले आपण बरेचजण तेव्हा बालवाडीत नाहीतर पहिलीत होतो, पण मोठ्यांपैकीही कितीजणांना ती कळली असेल कोण जाणे. ज्या आयफोनसाठी जग हळहळत होतं, त्याच्या आतली सिस्टिम युनिक्सच्या घराण्यातली, आणि त्याचे ॲप्स तेव्हा लिहायचे ती ऑब्जेक्टिव्ह-सी ही सीचीच मुलगी. तुलना करू नये म्हणतात, पण वाईट वाटतं ते वाटतंच. प्रोग्रॅमर मंडळी मात्र विसरली नाहीत. त्याच नोव्हेंबरात आलेली लिनक्सची फेडोरा १६ ही आवृत्ती त्यांना अर्पण केलेली होती.

आणि तो बाइंडिंग न झालेला प्रबंध? वर्षानुवर्षं तो हरवल्यातच जमा होता. शेवटी त्याची एक प्रत मिळाली आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने ती सगळ्यांसाठी खुली केली. गणित जड आहे. पण त्याच सुमाराला, १९६७ मध्ये, अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर त्याच विषयावर लिहिलेला पेपर आपल्यालाही थोडाफार झेपतो. त्यात रिचींची एक इवलीशी भाषा आहे. तिला चारच गोष्टी येतात : शून्य ठेवणं, एक मिळवणं, एका व्हेरिएबलमधलं दुसऱ्यात कॉपी करणं, आणि लूप.